खोलीखोलीतलं गाणं

"आजपासून या घरात सीडी नावाची वस्तू राहणार नाही," सुधाकर देवस्थळींनी पोहे खाता खाता जाहीर केलं.

"म्हणजे कपाटाचा वरचा खण मला मिळणार?" माधवीने विचारलं. ती सुरतेतल्या मराठी शाळेत शिकवत असे आणि तपासायच्या वह्या ठेवू कुठे, या विवंचनेत बारा महिने असे.

"तुला खणाचं पडलंय! अगं, मी सगळं संगीत कॉम्प्युटरमध्ये भरतोय. तिथून वायरी टाकायच्या. हॉलमध्ये स्पीकर, स्वयंपाकघरात स्पीकर, गॅलरीत, बाथरूममध्ये. एक बटण दाबलं की घरभर एकच राग. परदेशात हल्ली असंच असतं."

"बाथरूममध्ये राग कशाला?"

"तुला नाही कळायचं," देवस्थळी म्हणाले. हे वाक्य ते लग्नापासून वापरत होते आणि अजून त्याला गंज चढलेला नव्हता.

देवस्थळी एका बँकेत अधिकारी होते आणि सुरतेतल्या मराठी मंडळींत 'दर्दी' म्हणून ओळखले जात. ही ओळख त्यांनी गाऊन किंवा ऐकून मिळवलेली नव्हती, सीडी विकत घेऊन मिळवली होती. गायनाच्या, सतारीच्या, बासरीच्या सीडींनी दर्शनी कपाट गच्च भरलं होतं. निम्म्यांवरचा कागद अजून फाडलेलाही नव्हता. पाहुणे आले की देवस्थळी कपाटाकडे हात करून "आमचं आपलं हे एवढंच व्यसन" म्हणत आणि मग टीव्हीवर बातम्या लावत.

यंदा मात्र या व्यसनाने काहीतरी कामगिरी करून दाखवायची वेळ आली होती. बँकेत बदल्यांचा मोसम होता आणि कामरेज शाखेसाठी देवस्थळींचं नाव घेतलं जात होतं. कामरेज म्हणजे काही अंदमान नव्हे, सुरतेला लागूनच. पण तिथल्या अधिकाऱ्याला शाखेच्या डोक्यावरच्या खोल्यांत राहावं लागे. पुढे हायवेवरचे ट्रक आणि मागे उसाचं शेत. तिथे आपल्याला दर्दी म्हणणारं कोण भेटणार, या विचाराने देवस्थळींची झोप उडाली होती. बदल्या ज्यांच्या हातात होत्या ते विभागीय व्यवस्थापक योगेंद्रभाई देसाई हे नवसारीचे. साहेब गाण्याचे वेडे आहेत, असं सगळी बँक म्हणत होती. देवस्थळींनी त्यांना गणपतीच्या दिवसांतल्या रविवारी मोदक खायला आणि 'दोन सूर ऐकायला' बोलावलं. साहेब जरा घुटमळले, मग "आवीश, येतो" म्हणाले.

त्यानंतर महिनाभर देवस्थळींच्या घरात संगीतापायी सगळं बंद पडलं. फ्रिज सुरू झाला की कॉम्प्युटर दचकतो, म्हणून फ्रिज बंद. दारांतून वायरी गेल्या, त्यामुळे दारं तेवढी बंद होईनात. पहिली सीडी बिनबोभाट आत गेली. दुसरीपासून मात्र कॉम्प्युटर दर गाण्यामागे एक इंग्रजी प्रश्न विचारू लागला. या नावाचं आधीच आहे, ते काढून त्या जागी हे ठेवू का, असा काहीतरी. देवस्थळींनी तो कधी पुरता वाचला नाही. बँकेत नुकतेच कॉम्प्युटर आले होते आणि शिकवायला आलेल्या माणसाने एकच मंत्र दिला होता, "मशीनने काही विचारलं की 'यस' दाबा. 'नो' दाबलंत तर मला फोन करावा लागेल, आणि मी बडोद्याला असतो." त्या मंत्रावर अख्खी शाखा चालली होती. देवस्थळी घरीही इमानाने 'यस' दाबत राहिले.

"अहो, एखादं गाणं लावून तरी बघा," माधवी म्हणाली.

"ऐकायला जन्म पडलाय. आधी साठवायचं. आणि डिस्क बघितलीस? एवढं संगीत गिळलं तरी रिकामी ती रिकामीच! याला म्हणतात मशीन!"

रिकाम्या झालेल्या सीडींना वाटही लगेच सापडली. भांडी घासणाऱ्या प्रमिलाबाई सुरतेतल्याच नवागाम वस्तीत राहत. घरोघरी खानदेशातून आलेली, कापडाच्या लूमवर राबणारी माणसं. तिथल्या मंडळाच्या गणपतीला यंदा मोराची आरास होती.

"साहेब, या चकचकीत थाळ्या फेकता का तुम्ही?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "आमना पोरं मोरना पिसारा करी राहिनात."

फेकण्यापेक्षा दान केव्हाही बरं. देवस्थळी रिक्षात खोकी घालून स्वतः नवागामला गेले. मंडळाच्या हिलालने त्यांना शाल आणि नारळ दिला. देवस्थळींनी भाषण केलं. "मंडळी, हे संगीताचं नुसतं शरीर आहे, ते मी तुम्हाला देतो. आत्मा मी काढून घेतलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि देवस्थळी शाल पांघरूनच भर उन्हात घरी आले.

ठरलेल्या रविवारी सकाळी माधवी मोदकांची उकड काढत होती. देवस्थळींनी पूजेला बसल्यासारखे हातपाय धुतले आणि बटण दाबलं. सगळ्या खोल्यांतून तंबोरा घुमला. देवस्थळींनी डोळे मिटले. तंबोऱ्यामागून एक धीरगंभीर आवाज आला, "सवारे पेट साफ आवे छे?"

देवस्थळींनी डोळे उघडले. सकाळी पोट साफ होतं का, असं विचारणारा तो आवाज कामरेजचे वैद्य अंबालाल यांचा होता. बँकेत खातं उघडताना त्यांनी 'उदरसुख' नावाची सीडी भेट दिली होती आणि संग्रह म्हटला की संग्रह, म्हणून देवस्थळींनी सगळ्यात शेवटी तीही भरली होती. त्यांनी घाईघाईने पुढचं गाणं लावलं. वैद्यबुवा गरम पाण्याचं महत्त्व सांगत होते. त्याच्या पुढचं लावलं. त्रिफळा. त्याच्या पुढचं एरंडेल.

"अगं, गाणी कुठे गेली?"

माधवी पिठाचे हात वर धरून आली आणि पडद्याकडे बघू लागली. "ही नावं काय? पहिलं, दुसरं, तिसरं?"

"मशीनच देतं ती."

"दर सीडीला हीच?"

"हो. का?"

"अहो, मग एकाच पाटीवर महिनाभर पुसून पुसून लिहिलंत तुम्ही! शेवटचं लिहिलेलं तेवढं उरलं."

गवयांच्या सीडीवर दोन, फार तर तीन राग असतात. वैद्यबुवांना पोटाविषयी सांगण्यासारखं पुष्कळ होतं, त्यांचे धडे कुठल्याही गवयाच्या रागांहून जास्त भरले. त्यामुळे एकही गवई वाचला नव्हता.

देवस्थळींनी स्कूटर काढली आणि नवागाम गाठलं. मांडवात मोर उभा होता आणि खरोखरच देखणा होता. दगा नावाच्या कारागिराने सीडी गरम पाण्यात टाकून कात्रीने एकेक पीस कापलं होतं. दिव्यात सगळा पिसारा लखलखत होता.

"या साहेब, या!" हिलाल धावत आला. "दखा, कितला भारी दिखस! तुमनी कृपा."

"सगळ्या कापल्या? सबंध एकही नाही?" देवस्थळींचा आवाज चिरकला.

"शे ना, एक शे," दगाने अभिमानाने बोट दाखवलं.

गणपतीच्या डोक्यामागे विजेच्या छोट्या मोटारीवर एक सीडी गरगर फिरत होती. ती सतारीची होती की बासरीची, ते फिरत असल्यामुळे वाचता येत नव्हतं. फिरत होती अगदी झोकात, फक्त आवाज निघत नव्हता.

"दगाभाऊ, तेवढी एक... दुपारपुरती..."

दगा त्यांच्याकडे बघतच राहिला. "साहेब, देवना डोकामांगलं चक्र शे ते. गणपती बठेल शे, आते कसं काढू?"

"आनि आत्मा ते तुमनाजोडेच शे ना, साहेब?" हिलालने भाबडेपणाने विचारलं.

देवस्थळींनी नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि परत फिरले.

"खरं सांगून टाका," माधवी म्हणाली.

"खरं सांगितलं की कामरेज! कॉम्प्युटर बिघडलाय म्हणू. तू मोदकांचं बघ."

योगेंद्रभाई जेवायच्या वेळेला आले. किडकिडीत अंगाचे आणि चेहऱ्याने चिंताग्रस्त. कॉम्प्युटर बिघडल्याचं ऐकताच ते एकदम उजळल्यासारखे दिसले. पण मग शिष्टाचार म्हणून पुढे झाले. "अरे, आमच्या घरी पण कॉम्प्युटर हाच आहे, सेम टु सेम. जोऊं तो, बघू दे," असं म्हणत त्यांनी बटण दाबलं.

तंबोरा घुमला. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसताना माणसाचा चेहरा होतो तसा साहेबांचा चेहरा झाला. त्यांनी डोळे घट्ट मिटले. देवस्थळींना वाटलं, समाधी लागली. ते बंद करायला झेपावले, पण वायरीत पाय अडकून सोफ्यावर पडले.

"सवारे पेट साफ आवे छे?" वैद्यबुवांनी विचारलं.

"नथी आवतुं," साहेब म्हणाले.

साहेबांनी डोळे उघडले. "बंद नका करू," ते हळूच म्हणाले.

मग देवस्थळींच्या घरात मैफल रंगली. वैद्यबुवांनी गरम पाणी प्यायला सांगितलं, तेव्हा साहेब स्वयंपाकघरात गेले. आवाज तिथेही होता. पाणी पिऊन फेऱ्या मारायला सांगितलं, तेव्हा साहेब हातात पेला घेऊन हॉल, गॅलरी, पुन्हा हॉल असे फिरू लागले. जिथे जातील तिथे वैद्यबुवा सोबत होते. खोलीखोलीत वायरी टाकल्याचं आज पहिल्यांदाच चीज होत होतं. शेवटी साहेब थबकले, पेला देवस्थळींच्या हातात दिला आणि घाईने बाथरूममध्ये शिरले. आतूनही वैद्यबुवांचा धीर देणारा आवाज येत राहिला.

नवरा-बायको बाहेर उभे होते.

"बाथरूममध्ये कशाला, असं विचारलं होतं मी," माधवी कुजबुजली. "चुकलंच माझं."

साहेब बाहेर आले ते वेगळेच माणूस होऊन. त्यांनी मोदकांवर ताव मारला, माधवीला "बेन, मजा पडी गई" म्हणाले आणि जाताना देवस्थळींचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. जिना उतरून गाडी गेल्यावर देवस्थळींनी गॅलरीत उभं राहून मोठ्ठा सुस्कारा टाकला. कामरेज टळलं!

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी फोन आला.

"देवस्थळी, एक वात कहूं? बँकेत कुणीतरी उठवलं की देसाईला गाण्याचा शौक आहे. तेव्हापासून ज्याच्या घरी जातो तो मला पकडून गायन ऐकवतो. मांडी घालून बसून बसूनच माझं पोट बिघडलं, भाई! तुम्ही एकटेच असे निघालात. तुम्ही गाणं नाही लावलं. साहेबाची तकलीफ काय आहे, ते पाहिलं."

"साहेब, ते खरं म्हणजे..."

"खरं म्हणजे हीच सेवा! वैद्यराजांना तुम्ही बाथरूमपर्यंत पोचवलं. एवढी भक्ती मी नाही पाहिली. म्हणून मी एक काम केलं. कामरेजसाठी दुसऱ्या कुणाचं नाव पक्कं झालं होतं, ते मी खोडलं आणि तुमचं घातलं. वैद्यराज कामरेजचेच ना? माणसाने गुरूच्या गावी राहावं! मी पण दर शनिवारी येईन. चूर्ण घेऊ, तुमच्या घरी बसू, वैद्यराजांना ऐकू."

देवस्थळींना आता एकच आशा उरली होती. त्यांनी घसा खाकरला. "साहेब, उपकार आहेत. पण मला तिथे करमायचं नाही. खरं सांगू का, मला जरा संगीताची..."



"तुम्हालाही?" साहेबांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

देवस्थळींनी रिकाम्या कपाटाकडे पाहिलं. वरच्या खणात माधवीच्या वह्या नीट रचलेल्या होत्या.

"छे छे, साहेब," ते म्हणाले. "मला कुठलं कळतंय गाण्यातलं!"

स्वयंपाकघरात माधवीने ते ऐकलं. इतक्या वर्षांनी नवरा खरं बोलला, म्हणून तिने त्यांच्या चहात साखर थोडी जास्त घातली.