बेबीआत्या नवरीची नखं रंगवते

बेबीआत्या माणसाची नखं आधी बघते, तोंड नंतर. लग्न होऊन मी आटगावहून टोकावड्याला आले, त्या पहिल्याच आठवड्यात ही बाई दारात उभी राहिली. माझा हात धरून उजेडाला नेला आणि सासूबाईंना म्हणाली, "सून चांगली हाय गो, पन घाईची. उजव्या हाताचा रंग बाहेर गेलाय."

गेला होता खरा. उजव्या हाताला डाव्या हातानं रंग लावायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण नव्या नवरीला तोंडावर असं कोण बोलतं! तेव्हाच मी मनाशी म्हटलं, या बाईत कुठंतरी पाणी मुरतंय. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मुरबाडला कचेरीत कागद पडताळायचं माझं काम. कुणी दाखला पुढं केला की मी आधी शिक्का बघते, मग सही, मग माणूस. नवरा म्हणतो, "तू आणि बेबीआत्या एकाच माळेचे मणी."

आत्या ही आमच्याच आळीतली लेक. एकविसाव्या वर्षी नवरा तापानं गेला आणि ती वैशाखऱ्याच्या सासरहून माहेरी परत आली ती कायमची. पुढं भाऊ-भावजय कल्याणला गेले. दोन खोल्यांचं घर आणि परसातली चिंच एवढं तिच्याकडं राहिलं. शाळेत खिचडी शिजवण्यात तिची बरीच वर्षं गेली. आळीतल्या पोरांची आत्या, म्हणून आम्हा सुनांचीही आत्या.

आता हिचं वेड ऐका. पंचक्रोशीत कुठंही मुलीचं लग्न ठरलं की तिसऱ्या दिवशी ही हजर. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काखेत, आणि दारातूनच, "नवरीचे हात दाखवा." हळदीच्या दिवशी सकाळी पुन्हा यायची आणि नवरीची दहाच्या दहा नखं रंगवून द्यायची. घाटाकडच्या एसटीनं उभ्यानं जाईल, पण जाईल. आणि हे सगळं फुकट! साडी नाही, नारळ नाही. जेवायलासुद्धा थांबत नसे. हळदीची वाटी बाहेर आली की ही डबा उचलायची. "मला काम हाय घरी." एकट्या बाईला घरी कसलं आलंय काम?

फुकट काम करणाऱ्या माणसाचा मला भयंकर संशय येतो. कचेरीत कुणी 'सहज आलो होतो' म्हणाला की मी खुर्चीत सरळ होऊन बसते. आळीत तर एकेकीचं एकेक. कुणी म्हणे, नवरीच्या अंगावर सोनं किती ते बघायला जाते. कुणी म्हणे, हात बघून भविष्य जाणते, पण सांगत नाही. माझं म्हणणं असं, की ही पोरींना बोलतं करून घरातल्या भानगडी काढून घेत असणार.

म्हणून समोरच्या घरच्या लग्नात मी मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसले. भानगडी राहिल्या बाजूला, बाईनं पोरीला तोंडच उघडू दिलं नाही! मे महिना, आणि आल्या आल्या पंखा बंद. "वाऱ्यानं रंगावर साय धरते." एरवी लाईट गेली की अख्खं गाव शिव्या घालतं, ही एकटी खूश असते. मग बाटली नाकाला लावली, उलटी केली, उजेडात धरली. "कुठनं आनली? बाजारातून? पानी घातलंय मेल्यांनी."

मी म्हटलं, "आत्या, हलवून बघा ना."

"हलवायची नाय गो! बुडबुडे येतात. तळहातांत फिरवायची."

आगकाडीच्या टोकानं तिनं नखाच्या भोवती, कातडीवर तेवढं व्हॅसलीन फिरवलं, म्हणजे रंग सांडला तरी पुसून निघतो. मग कुंचला बाटलीच्या तोंडाला निथळला. "पयला फटका मधे, मग डावा, मग उजवा. चौथा मारला तो फसला." दोन्ही बाजूंना केसाएवढी जागा सोडायची. शेवटी नखाच्या टोकावरून एक आडवा हात, म्हणजे तिथला रंग निघत नाही. पातळ थर, तो वाळला की दुसरा. सगळ्यात शेवटी आगकाडीला कापूस गुंडाळायचा, रिमूव्हरमध्ये बुडवायचा आणि काठ साफ करायचा. मग दहाही बोटं गार पाण्यात.

नवरीचं नाक खाजायला लागलं. तिनं हात उचलला तशी आत्या ओरडली, "हात खाली! नाक मी खाजवीन." आणि खरंच खाजवलं.

मी मान खाली घालून नखं बघितली. काठ अगदी पट्टी ठेवून आखल्यासारखा. आत्या माझ्याकडं बघून म्हणाली, "मधलं कुनी बी रंगवतं. मानूस काठाला कळतं." हे वाक्य ती दिवसातून चारदा म्हणते. ज्याच्या त्याच्या बोटांवरून निकालही देते. रंग कडेला फासलेला असला की 'लपवाछपवी करनारी', अर्धा खरवडलेला असला की 'नवऱ्याशी पटत नाय'. वाईट एवढंच, की बहुतेक वेळा खरं निघतं.

मग चिंचोक्यांचं प्रकरण झालं. एका दुपारी मी चिंच मागायला तिच्या परसात गेले. आत्या नव्हती. ओट्यावर सूप होतं आणि सुपात शंभरेक चिंचोके. सगळे लालभडक रंगवलेले, चकचकीत, ओळीनं मांडलेले. आणि दिवस कुठला? अमावास्या! मी शिकलेली बाई. पण पायातली चप्पल तिथंच टाकून घरी पळाले. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "करनी हाय ती. बेबी असं करंल वाटलं नवतं." संध्याकाळपर्यंत आळीत दोघींनी पोरांना घरात कोंडलं होतं.

शेवटी चप्पल आणायला तर जायलाच हवं होतं. गेले, आणि विचारलं, "आत्या, हे काय?"

"चिंचोकं."

"ते दिसतंय. लाल का?"

"गुलाबी संपला म्हनून." माझं तोंड बघून तिला काय ते कळलं आणि ती एवढी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. "अगो येडे, हात बसायला नको का? अंगठ्याच्या नखाला असतो ना उंचवटा, तसाच याला असतो. लगीनसराई नसली की हात आखडतो माझा."

"मग स्वतःच्या नखांवर का नाही लावत?"

तिचं हसू थांबलं. "माझ्यासाठी टाइम कुठं हाय," एवढं म्हणून ती सूप घेऊन आत गेली. तिची नखं बारीक कापलेली आणि कोरी असतात, कायम. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "कुंकू गेलेल्या बाईनं लावायचं नसतं. तिला ठाऊक हाय." सासूबाई स्वतः चाळिशीच्या आतच विधवा झालेल्या. रीतिभातीत आमच्या आळीत त्यांचा शब्द शेवटचा.

यंदा आमच्या लेकीचं, प्राजक्ताचं लग्न ठरलं. ती कल्याणला नोकरी करते. शहापूरची पार्लरवाली तिनं आधीच ठरवून ठेवली होती. केस, चेहरा, नखं, सगळं त्या मुलीकडं. तिसऱ्या दिवशी आत्या डबा घेऊन दारात. "नवरीचे हात दाखवा."

प्राजक्तानं कौतुकानं एक पाकीट आणून दाखवलं. "आत्याआजी, आता लावायची कटकटच नाही. तयार नखं येतात, नुसती चिकटवायची."

आत्यानं त्यातलं एक नख चिमटीत धरलं, उजेडाकडं नेलं आणि उलटसुलट करून बघितलं. मी मनात म्हटलं, आता काढते खोड. पण ती म्हणाली, "काठ चांगला हाय." नख पाकिटात परत ठेवलं आणि निघाली. चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. सासूबाईंनाही. "बरं झालं. परस्पर मिटलं." पण आत्या चार दिवस कुठंच दिसली नाही, नळावर नाही की लग्नाचे तांदूळ निवडायला नाही. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. ही डूख धरणार आणि नेमकी लग्नात काहीतरी खोडा घालणार! पत्रिका द्यायचं निमित्त काढून मी तिच्या घरी गेले.

डबा उघडा होता आणि ती बाटल्या एका पिशवीत भरत होती. शाळेतल्या पोरींना वाटून टाकणार म्हणाली.

"रागावलात का आत्या?"

"मी कशाला रागवू? पोरीची हौस हाय."

मला राहवलं नाही. "मग आता खरं सांगाच. इतकी वर्षं फुकट राबलात ते कशासाठी?"

"तुला पयल्या दिसापासून डाऊट हाय, व्हय ना?"

"हो."

"मग आयक. हळद मला लावू देत नाय. बांगड्या भरू देत नाय. ओटीच्या तांदळाला हात लावू देत नाय. अक्षता टाकायच्या त्या बी मागं उभं राहून. पन नखांचं कुनी काय ठरवलंच नव्हतं. तुझ्या सासूच्या टायमाला ही बाटलीच नव्हती, मग नेम कोन करनार? तेवढा एक तास नवरीचा हात माझ्या हातात असायचा. आता ती बाय येईल, चिकटवून जाईल." तिनं पिशवीला गाठ मारली. "चालायचंच."

ती रडली नाही. मलाच कुठं बघावं कळेना. कागदातली पळवाट शोधण्यात माझा हात धरणारं कचेरीत कुणी नाही, आणि या बाईनं माझ्या डोळ्यांदेखत सव्वीस वर्षं एक पळवाट काढून ठेवली होती, ती मला दिसली नाही. मी तिच्यात चोर शोधत बसले. 'घरी काम आहे' म्हणून ती का पळायची, तेही तेव्हा उमगलं. कुणी 'जरा बाजूला हो' म्हणायच्या आधी ती आपणच निघून जायची. मला माझी फार लाज वाटली.

घरी येऊन प्राजक्ताला सगळं सांगितलं. ती माझ्यावरच चिडली. "आई, हे तुला आत्ता कळतंय?" पार्लरवालीला तिनं लगेच फोन लावला. नखं नकोत, केस तेवढे कर.

आत्याला बोलवायला मीच गेले, तर ती उंबऱ्यातच अडून राहिली. "कीव करतेस काय माझी?"

"कीव कसली? ती चिकटवलेली नखं म्हणे भात कालवताना निघतात."

"खोटं बोलतेस," ती म्हणाली. पण पिशवीची गाठ सोडायला लागली.

हळदीच्या सकाळी पंखा बंद करून तिनं प्राजक्ताची नखं रंगवली. मांडवात माणसं घामानं निथळत होती, पण पंख्याच्या बटणाकडं कुणी गेलं नाही. दहावं बोट पाण्यातून निघालं आणि आतून हळदीची वाटी आली. पाच सवाशिणी पुढं सरसावल्या. आत्यानं डबा मिटला. "येते गो. घरी काम हाय."

मी तिच्या वाटेत उभी राहिले. सवाशिणीच्या हातातली वाटी घेतली आणि तिच्यापुढं धरली. "आत्या, पहिली हळद तुम्ही लावा."

आत्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "नको गो. पोरीचं काय बरंवाईट झालं तर माझ्यावर येल."

"माझी पोर आहे. माझ्यावर येऊ दे."

प्राजक्तानं पाटावरूनच गाल पुढं केला. आत्याचा हात वाटीपर्यंत आला आणि तिथंच अडला. शंभर चिंचोक्यांवर न अडलेला तो हात! तिनं एक बोट हळदीत बुडवलं, पोरीच्या गालाला टेकवलं आणि मग तिचा तोल सुटला. दोन्ही हातांनी तिनं प्राजक्ताचे गाल धरले आणि रडायला लागली.

आता सगळ्यांचे डोळे भिंतीकडं वळले. तिथं खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं. मी मनाची तयारी केली, की आता तोफ डागली जाणार.

"बेबे," त्या म्हणाल्या, "इकडं ये."

आत्या हात पुसत, खाली मान घालून त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पुसतेस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोराच्या हळदीला मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेली. कुनी भायेर ये म्हनलं नाय, आन मी बी आले नाय." त्यांनी काठी बाजूला टाकली आणि आत्याकडं हात पुढं केला. "मला उठव. माझी नात हाय ती. मी काय घोडं मारलंय?"

आत्यानं हळदीच्या हातानंच त्यांना उठवलं आणि दोघी एकमेकींना धरून हळूहळू पाटाकडं आल्या.