डॉरीआजींचा अलार्म

डॉरीआजींच्या छताला लावलेला धुराचा अलार्म सकाळपासून टुक् टुक् करत होता, आणि स्टुलाशिवाय तिथवर हात पोचेल असं माणूस वारिंडा गावात एकच होतं. शेजारच्या घरात राहणारी केली राडोव्हान. उंची सहा फूट चार इंच. उन्हाळ्यात ती शहरातल्या मोठ्या लीगमध्ये बास्केटबॉल खेळायची, आणि ती लीग संपली की हिवाळाभर वारिंडाच्या बायकांच्या संघातून.

त्या संध्याकाळी दूरच्या कुलबरा गावाच्या संघाविरुद्ध सामना होता. कुलबऱ्याची जागा उपांत्य फेरीत आधीच पक्की होती; वारिंडाचं मात्र जिंकलं तर उपांत्य फेरी, नाहीतर हंगाम खलास. केली पाय वर करून पडली होती, तोच दारावर थाप पडली.

"पोरी, दोन मिनिटांचं काम आहे गं. सेल तेवढा बदलून दे," डॉरीआजी म्हणाल्या.

केलीने उभ्याउभ्याच हात वर केला आणि झाकण फिरवलं. ते फिरेना. मग जरा जोर लावला, तर नको ते बटण दाबलं गेलं आणि अलार्मने असा काही टाहो फोडला की आजींचा कुत्रा थेट पलंगाखाली गेला.

"आजी, हा बंद होत नाहीये! कुणाला तरी बोलवा!" केली ओरडली.

तिच्या मनात होता समोरचा केव्ह आणि त्याचा स्क्रू ड्रायव्हर. आजींनी फोन लावला अग्निशमन दलाला.

गावाचा भोंगा वाजला. वारिंडाचं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच हौशी माणसं. गाडी दारात आली तेव्हा तिच्यातून आधी उतरली नरेल. ती दलाची कप्तान, आणि बास्केटबॉल संघाची प्रशिक्षकही. तिच्यामागून उतरल्या संघातल्या तिघीजणी. शेवटी उतरले संध्याकाळच्या सामन्याचे दोन्ही पंच.

केली दारात उभी होती. हातात छतावरून उपटलेला अलार्म, अजून बोंबलणारा.

"आग कुठाय?" नरेलने विचारलं.

"आग नाहीये. सेल संपलाय."

नरेलने तिच्या हातातून अलार्म घेतला आणि सेल उपटून काढला. 

"चला, निघू या. सामना आहे," ती म्हणाली. पण आदल्या रात्री पाऊस झाला होता, आणि गाडी उभी होती आजींच्या हिरवळीवर. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि निम्मी चिखलात गेली. गाडी तशीच टाकून जाणं नरेलच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग पाच बायका आणि दोन पंच मागून ढकलायला लागले.

"जरा जोर लाव की! एवढी उंची काय शोभेला आहे?" एक पंच ओरडला.

"उंची वर असते हो, जोर खाली लागतो!" केली म्हणाली आणि तोंडावर आपटली.

केव्हने ट्रॅक्टर आणला तेव्हा कुठे गाडी निघाली.

तिकडे हॉलमध्ये कुलबऱ्याच्या प्रशिक्षक बाई संतापल्या होत्या. "यजमान संघ वेळेवर आला नाही. सामना आम्हाला द्या!"

"देऊ की," कँटीनवाली शांतपणे म्हणाली. "पण द्यायचा पंचांनी. ते आले की सांगा त्यांना. तोवर सॉसेज घेता का? गरम आहेत."

कुलबऱ्याची बस तीन तास चालून आली होती. भुकेल्या मुलींनी आधी सॉसेज संपवले, मग क्रीमचे बन, मग चिप्स.

दीड तासाने अग्निशमनाची गाडी हॉलसमोर थांबली आणि चिखलाने माखलेला संघ, पंचांसकट, आत शिरला. कुलबऱ्याची बाई तक्रार करायला उठली, पण पंचांचे चेहरे पाहून खाली बसली. खेळ सुरू झाला. कुलबऱ्याच्या मुलींना पळवेना, वाकवेना. त्यांची कप्तान उडी मारायच्या ऐवजी प्रत्येक वेळी पोट धरायची. वारिंडा एकोणीस गुणांनी जिंकलं.

उपांत्य फेरीत गाठ पडली ती पुन्हा कुलबऱ्याशीच, आणि तीही त्यांच्याच गावात. वारिंडाची बस पोचली तर हॉलच्या दारात लांबलचक टेबल मांडलेलं, त्यावर पेस्ट्र्या, केक, भाजलेलं मटण. कुलबऱ्याची कप्तान हसतमुखाने पुढे आली.

"या, या! दमला असाल. पोटभर खाऊन घ्या. आमच्या पंचांना यायला जरा उशीर होतोय."

"कुणीही कशाला हात लावायचा नाही," नरेल दबक्या आवाजात म्हणाली. "कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. केलीनेही डोलावली. तोंड भरलेलं असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं.