सोमाजीची रुसलेली गाडी

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. माझ्या गॅरेजपुढून एक बंडी चालली होती. पुढे दोन बैल आणि बंडीमागे दोराने बांधलेली एक लाल गाडी. लाल म्हणजे कधीकाळी लाल, आता सगळी जंगाचीच. दोन सिटांची, टप नसलेली, विलायती. टायरांत हवेऐवजी भाताचं तणस कोंबलेलं. आणि स्टिअरिंगवर सोमाजी, धोतर नेसून, ताठ बसलेला. खालचा पत्रा गळून गेला होता, म्हणून त्याचे दोन्ही पाय रस्त्याच्या वर अधांतरी लोंबत होते. चौकात बंडी वळली तसा त्याने उजवा हात बाहेर काढून इशारा दिला. कामठीपासून प्रत्येक वळणावर दिला म्हणे.

मी ओरडलो, "काहून गा सोमाजी, हात कोणाले दाखवून राहिला?"

"मागच्याले."

"मागं कोणी नाही ना बावा!"

"आणि आला तं?"

सोमाजी मूळचा उमरेडचा विणकर. हातमागाचा धंदा बसला तसा तो नागपुरात आला आणि गोळीबार चौकामागे भंगाराचं दुकान टाकून बसला. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी उमरेडलाच दिली होती. ही गाडी त्याने कामठीच्या एका बंगल्यातून सुट्या भागांसाठी उचलली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या.

दुसरे भंगारवाले माल तोडतात. सोमाजी तोडत नसे, खोलत असे. छन्नी नाही, गॅसकटर नाही. "लोखंड रुसलं म्हंजे जंगते," असं तो म्हणे. "रुसलेल्याले ओढत नाही गा. बाजूले बसा लागते."

विकलेला माल तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळी आणि वर सुताची गाठ मारी. ती गाठ विणकराची. मी एकदा कार्बोरेटर नेला. दात लावून पाहिले, स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला. सूत कापलं असतं, पण सुताला कात्री लावली हे कळलं की तो महिनाभर बोलत नसे. शेवटी गेलो त्याच्याकडेच. त्याने एका नखाने गाठ सोडली आणि म्हणाला, "आलाच आहेस तं च्या घे."

आता माझी गोष्ट. रामदासपेठेत एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे हुबेहूब तशीच गाडी, पण चांगली राखलेली. तिच्या गिअरबॉक्सचे दात गेले. भाग विलायतेहून येईना. तीन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण गिअरबॉक्स मला पुस्तकासारखा वाचता येतो. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, तुमच्याने होणार नसेल तर सरळ सांगा. मी गाडी विकून टाकतो."

हे माझ्या डोक्यात गेलं. चार लोकांसमोर बोलून बसलो, "दसऱ्याला हार घालून तुमच्या फाटकाबाहेर काढतो. नाही निघाली तर माझ्या गॅरेजची पाटी उतरवतो."

बोललो तेव्हा माझ्याजवळ गिअरबॉक्स नव्हता. सोमाजीच्या गाडीत होता.

"घेऊन जा ना," सोमाजी म्हणाला. "तुयाच आहे. पण तो त्याच्या मनानं निघन."

दसऱ्याला तीन आठवडे होते. मी रोज गॅरेज बंद करून संध्याकाळी जाऊ लागलो. रोज एक बोल्ट निघे. फार झालं तर दोन. बाकीच्यांवर सोमाजी रॉकेल सोडी आणि तापकऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसं फडकं ठेवी. "आज नाही मानत, मिस्तरी. उद्या ये." मग खाटेवर बसायचं, चहा प्यायचा, ऐकायचं. एकदा डावी सीट दाबून म्हणाला, "इथं मेमसाहेब बसे. स्प्रिंग पाह्य कशी दबली आहे. जाडी होती बाई. पण साहेबाचा जीव होता तिच्यावर."

"तुले कसं कळलं?"

"अंगाले धक्का लागू नये म्हून तिकडचीच गादी दोनदा शिवली आहे."

मी बसत होतो, पण आतून जळत होतो. एक दिवस म्हटलं, "मी उद्या गॅसकटर आणतो."

"आण. पयले माया पायाले लाव."

दसरा दोन दिवसांवर आला आणि गिअरबॉक्सचे चार बोल्ट तसेच. त्या दिवशी वीज गेली, गॅरेजचं काम थांबलं. मी भर दुपारी सोमाजीकडे निघालो. ठरवलं होतं, आज त्याचं ऐकायचं नाही.

फाटक उघडंच होतं. सोमाजी गाडीत वाकून बसला होता, पाठ माझ्याकडे. त्याच्या हातात पानासुद्धा नव्हता. चारही बोल्ट तो बोटांनी फिरवून काढत होता. काढून फडक्याने पुसले. मग एकेक परत बसवला, पान्याने आवळला, आणि वरून ओल्या विटेचा भुगा चोळला. चोळून पाहिलं, गंजल्यासारखे दिसतात का. मग खाटेकडे गेला, मी बसतो तिथलं घोंगडं झटकलं आणि बशीतला दुसरा कप धोतराच्या टोकाने पुसून ठेवला. संध्याकाळ व्हायला अजून चार तास होते.

मला राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. माझी पाटी जाणार होती आणि हा माणूस विटा चोळत होता! तोंड उघडलंही होतं मी. पण तो पुसून ठेवलेला कप दिसला. मागच्या पावली फाटकाबाहेर आलो.

संध्याकाळी रोजच्या वेळेला गेलो.

"रुसूनच आहे गा अजून," सोमाजी बोल्टांकडे पाहून म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी खाटेवर बसलो. अर्धा कप चहा प्यालो. म्हटलं, "सोमाजी, हा गिअरबॉक्स निघाला म्हणजे मले मागच्या चाकांचा धुराही लागन. मग स्टिअरिंग. चारही चाकं. डॉक्टरची गाडी जुनी आहे, काय ना काय लागतच राहीन."

"धुरा?" तो म्हणाला. "धुऱ्याले तं लय बोल्ट आहेत."

"मोजले मी."

"दिवाळी पार होईन."

"होऊ दे ना."

सोमाजी उठला, पाना घेतला. माझा उरलेला अर्धा कप संपायच्या आत चारही बोल्ट माझ्या मांडीवर आणून ठेवले. "मानले बावा आज," तो म्हणाला आणि उगाच हात पुसत राहिला.

दसऱ्याला डॉक्टरांची गाडी झेंडूचा हार घालून फाटकाबाहेर निघाली. डॉक्टरांनी माझा हात धरून हलवला. धुरा त्यांच्या गाडीचा ठणठणीत होता. पुढची दहा वर्षं त्याला काही झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं नाही. पाना घेऊन सरळ सोमाजीकडे गेलो आणि गाडीखाली शिरलो. धुऱ्याचा पहिलाच बोल्ट पाना लावताच सैल फिरला. मी हात काढून घेतला, बाहेर आलो, "रुसूनच आहे गा," म्हटलं आणि खाटेवर बसलो.