दस्तगीरचाचांचं नवं पेव

दस्तगीरचाचा कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिला टिचकी मारतात आणि कान लावतात. नारळाचं, कलिंगडाचं मी समजू शकते. पण माझा नवा लॅपटॉप टेबलावर ठेवला, तर त्यांनी त्याच्याही पाठीवर टिचकी मारली, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, "सुका हाय ताई. चालंल."

चाचांचं उभं आयुष्य सांगलीजवळच्या हरिपुरात लोकांची हळद सांभाळण्यात गेलं. तिथं जमिनीखाली खोल पेवं होती. शेतकरी आणि व्यापारी त्यात हळकुंडं ठेवायचे, वरून तोंड बंद करून लिंपलं की माल वर्षानुवर्षं तसाच राहायचा. चाचा त्या पेवांचे राखणदार. सुकलेलं हळकुंड खणखणीत वाजतं, म्हणून ही टिचकी. पेवं मोडली, चाचा सांगलीत आमच्या शेजारी राहायला आले, टिचकी सोबत आली.

त्यांची सून नसीमा गल्लीतल्या चार बायकांना घेऊन हळद आणि मसाले करून विकते. पुण्याहून विचारणा यायला लागली तेव्हा तिला वेबसाइट हवीशी वाटली, आणि मी कॉम्प्युटर क्लास चालवते म्हणून ती माझ्याकडे आली. दिवाळीच्या आधी साइट सुरू व्हायला हवी होती, कारण बायकांनी सगळा माल आधीच करून ठेवला होता. साइट मी दोन आठवड्यांत बनवली. राहिलं फक्त होस्टिंग, म्हणजे ती ठेवायला एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर भाड्यानं जागा घेणं. अर्ध्या तासाचं काम. ते मी चाचांना समजावून सांगितलं, ही माझी चूक.

"म्हंजी पेवच की," चाचा म्हणाले. "मग ते माज्यावर सोडा."

सासऱ्यांच्या मागे उभी राहून नसीमा दोन्ही हातांनी नको नको करत होती. मी तिकडे लक्षच दिलं नाही.

मी त्यांना सांगून पाहिलं की हळद तुमच्या घरातच राहणार, तिकडे नुसते बायकांचे फोटो आणि नावं जाणार. त्यावर ते आणखीच गंभीर झाले. बायकांची नावं जाणार असतील तर बघूनच ठेवली पाहिजेत, म्हणाले.

पहिल्या कंपनीला त्यांनी विचारलं, पेव बघायला कधी येऊ. आत कुणालाच सोडत नाही, असं उत्तर आलं. चाचा खूश झाले, राखण चोख आहे म्हणाले. मग त्यांनी जमीन काळी आहे की मुरमाड ते विचारलं. पलीकडच्यानं फोनवर गाणं लावून दिलं, ते चाचांनी बॅटरी संपेपर्यंत ऐकलं. दुसऱ्या कंपनीचे कॉम्प्युटर मुंबईत निघाले. मुंबईत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी टीव्हीवर दिसतं, म्हणून ती बाद. तिसरीनं महिनाभर फुकट वापरून बघा म्हटलं. नव्या पेवात पहिल्यांदा चांगला माल कुणी ठेवत नाही, असं सांगून चाचांनी तिथं एका मोडक्या स्टुलाचा फोटो ठेवायला लावला. मग रोज सकाळी नमाज झाली की माझ्या दारात. "उगडा बघू." मी उघडायची. स्क्रीनला नाक लावून ते स्टूल नीट न्याहाळायचे आणि जायचे. पंधरा दिवस स्टूल ठणठणीत होतं. झालं का समाधान, मी विचारलं. पावसाळा निघू दे, म्हणाले.

भाडं किती, हे त्यांनी एकालाही विचारलं नाही. शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांना एकच: बुडलं तर? काही होणार नाही, असं प्रत्येकजण छातीठोक सांगायचा, आणि चाचा वहीत त्याच्या नावावर काट मारायचे. अशी सात नावं खोडून झाली. दसरा गेला. नसीमाच्या घरात पाकिटांची चळत छताला लागली. चौघींपैकी सुनंदा तर, परत धुण्याभांड्याला जाऊ का, असं विचारून गेली. तेव्हा मात्र माझा पारा चढला.

"चाचा, सात कंपन्या म्हणाल्या काही होणार नाही. अजून काय लिहून पाहिजे तुम्हाला?"

चाचांनी वहीतल्या खोडलेल्या नावांवरून बोट फिरवलं.

"मीबी तेच म्हणलो हुतो, ताई."

मग त्यांनी सांगितलं. पेवं मोडली त्या वर्षी कृष्णा चढायला लागली होती, तेव्हा वाळव्याकडची एक बाई एसटीनं आली होती. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली हळद काढून नेऊ का, हे विचारायला. चाचांनी तिला हसून परत पाठवलं. चौथ्या दिवशी पेवात पाणी शिरलं.

"पेव उगडलं तवा ती हुती. एक शबूद बोलली न्हाई मला. च्या पिली आन् गेली. बोलली असती तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "माजा माल असता तर कुटंबी ठिवला असता. ह्यो त्या चौगींचा हाय."

मी आठव्या कंपनीचा नंबर लावून दिला.

तिथली मुलगी नागपूरकडची, मराठी बोलणारी निघाली. बुडलं तर, चाचांनी विचारलं.

"बुडू शकते, काका," ती म्हणाली. "म्हणून आम्ही रोज एक कॉपी दुसऱ्या शहरात ठेवतो. अन् एक तुम्ही घरी ठेवा. फक्त आमच्या भरवशावर राहू नका."

चाचांनी वही मिटली. "हितं ठेवा."

बाकीचं वीस मिनिटांत उरकलं. दिवाळीला अजून बारा दिवस होते. आणखी काही मदत हवी का, असं त्या मुलीनं कंपनीच्या ठरलेल्या शब्दांत विचारलं. फोन चाचांच्या हातात होता.

"बाळ," ते म्हणाले, "एवढ्या लोकांचा माल तुज्याकडं. झोप लागती का गं तुला?"

ती हसली. लागते की काका, म्हणाली.

"लागू दे," चाचा म्हणाले. "लागू दे." आणि फोन माझ्याकडे देऊन ते चपला शोधायला लागले.