पडदेनवीस सगुणाबाई कर्णिक यांचे तंट्याची हकीकत

श्री. विघ्ने दूर करणारास प्रथम नमन, आणि मग विजेस, जिचे कृपेने हे कुल राज्य उजेडात आहे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, आश्विन मासी पडद्यांचे दफ्तरी जो तंटा जाहला, तो कोणी काही सांगतात, कोणी काही, आणि पडदे विकणारे पेढीवाले तर भलतेच सांगतात. सबब जे खरे घडले ते पहिल्यापासून लिहिले आहे. ऐकावे.

संगणकांचे मुलखात एक राज्य आहे. त्यास राजा नाही, तट नाही, वेस नाही. ज्यास यावयाचे त्याने यावे, राज्याची संहिता, म्हणजे यंत्रास दिलेल्या आज्ञांचा लेख, वाचावी, चूक दिसली तर सुधारून द्यावी, आणि सुभेदारांस रुचली तर ती कायम व्हावी, ऐसा तेथील कायदा. राज्याचे मध्यभागी गाभा आहे, म्हणजे जी संहिता खुद्द यंत्रास चालविते ती. आणि यंत्रास जो पडदा, म्हणजे मॉनिटर, जोडिला असेल त्याची ओळख पटविणे हे गाभ्याचे काम. प्रत्येक पडद्याचे पोटात त्याचे कारखानदाराने एक ओळखपत्र लिहून ठेविलेले असते, एकशेअठ्ठावीस अक्षरांचे, की मी अमक्या घरचा, अमक्या साली जन्मलो, रुंदी इतकी, उंची इतकी, आणि चित्र इतके मोठे घेतो, त्याहून मोठे झेपत नाही. शेवटले अक्षर ताळ्याचे. आधीच्या अक्षरांशी त्याचा ताळा जमला तरच पत्र शुद्ध. गाभा ते पत्र वाचितो आणि मग झेपेल तेवढेच चित्र धाडितो. परंतु पडदे खोटे बोलतात. कोणी रुंदीचे जागी सोळा आणि उंचीचे जागी नऊ लिहून मोकळा होतो, जणू तो पडदा नव्हे, पोस्टकार्ड. कोणी पोटात कर्णा नसता आवाज मागतो. कोणी आपले जन्मसाल पुढचेच लिहितो. म्हणोन गाभ्यात एक वही ठेविली आहे, की अमक्या पडद्याचे अमके बोलणे मानू नये. ती वही राखणारास पडदेनवीस म्हणतात.

ते समयी पडदेनिशी सगुणाबाई कर्णिक यांजकडे होती. बाई सातारा प्रांती कोरेगावी राहत, दिवसा तंत्रनिकेतनात मुलांस वीजशास्त्र शिकवीत, आणि सकाळी कॉलेजास जाण्यापूर्वी दोन तास वहीचे काम करीत. सतरा वर्षे केले. वेतन नाही, शालजोडी नाही, आणि त्याची हावही नाही. कोणाचा पडदा लागला नाही तर तो शिव्या घालीत बाईंकडे येई, आणि लागला तर बाई कोण हे त्यास ठाऊकही नसे. बाई म्हणत, "लागला ना? मग झाले." परंतु एका गोष्टीस त्या फार कडक होत्या. काल ज्याचे चालत होते ते आज आमचे हाताने बंद पडता कामा नये, हा राज्याचा पहिला कायदा, आणि तो बाईंनी सतरा वर्षांत एकदाही मोडिला नव्हता.

भाद्रपदात एका मोठ्या पेढीचा वकील इंद्रनील बिवलकर याचा खलिता आला. पेढीने नवे रुंद पडदे काढिले होते, दिवाळीचा बाजार तोंडावर होता, आणि या राज्याचे यंत्रास जोडिले की त्यांवर चित्र लहान आणि फाटके दिसे. वकिलाने नोंद तयारच करून पाठविली, की हे ओळखपत्र दिसले की ते मानू नये, बेलाशक मोठे चित्र धाडावे. बाईंनी नोंद वाचिली, आणि पत्राची जी पहिली काही अक्षरे वकिलाने दिली होती ती पाहून त्या थबकल्या. हे पत्र त्यांनी पूर्वी पाहिले होते. पंधरा वर्षांमागे एक कारखाना होता, तो पुढे बुडाला, त्याचे चौकोनी पडद्यांचे हे पत्र. बाईंनी लिहिले, "बिवलकर, हे पत्र तुमचे घरचे दिसत नाही. सगळी अक्षरे पाठवा, मग बोलू." वकिलाने उत्तर केले, "बाई, पत्र शुद्ध आहे, आमची खातरजमा झाली आहे. उगाच विलंब नको." आणि अक्षरे पाठविली नाहीत. बाईंनी पुन्हा मागितली. पुन्हा नाही.

इतक्यात बाईंचे उजवे डोळ्यास मोतीबिंदू जाहला होता, त्याचे शस्त्रक्रियेची तारीख लागली. त्यांनी सरसुभेदार त्र्यंबकराव सबनीस, ज्यांकडे चित्रखात्याचे सर्व दफ्तरांचा अखेरचा शिक्का, त्यांस लिहिले, "दहा दिवस मी पडद्याकडे पाहणार नाही. पेढीची नोंद तोवर थांबवून ठेवावी, मला संशय आहे." त्र्यंबकरावांनी "बरे" म्हणून कळविले. मनुष्य वाईट नव्हे. परंतु कामाचे ओझ्याखाली दबलेला, आणि मोठ्या घरचे कोणी दाराशी बसले की संकोचणारा. बाई डोळ्यास पट्टी बांधून घरी निजल्या, आणि तिसरे दिवशी बिवलकराने त्र्यंबकरावांस गाठिले, आणि सांगितले की बाई आजारी आहेत, वही बेवारस पडली आहे, आणि लक्षावधी गिऱ्हाईके खोळंबली आहेत. आणि त्र्यंबकरावांनी बाईंस न विचारता नोंदीवर शिक्का मारिला. मग गाभ्याची नवी आवृत्ती निघाली आणि ज्याचे त्याचे यंत्रावर आपोआप जाऊन बसली.

दहावे दिवशी बाईंनी पट्टी सोडली, चष्मा लाविला, टपाल उघडिले, तो एकशेचाळीस पत्रे. पडदा काळा. पडदा काळा. वहीवर तुमचे नाव आहे, तुम्हांस लाज वाटावी. त्यात एक पत्र मोबाइलवरून लिहिलेले, वेळूबंदराहून, सकीना होडेकर हिचे. ही बाई तेथील मच्छीमारांचे सोसायटीत वाऱ्याची खबर पाहणारी. संगणकावर वेधशाळेचा नकाशा लावून ठेवावा, आणि पहाटे होड्या सुटण्यापूर्वी वारा कोणता, लाट किती, हे भोंग्यावरून सांगावे, हे तिचे काम. पत्रात दूरध्वनीचा आकडा होता. बाईंनी तडक फोन लाविला.

"मी सगुणा कर्णिक. पडद्यांची वही माझ्याकडे असते."

पलीकडून सकीना म्हणाली, "ताई, मंगळवारी आमचा पडदा तुम्ही काळा केलात. आत यंत्र चालू, दिवा हिरवा, आणि समोर काही नाही. आभाळ निरभ्र होते. पोरं म्हणाली, काय होतंय, चला. तीन होड्या गेल्या. दहा वाजता वारा फिरला. दोन आल्या. तिसरी खडकावर फुटली. माझा दीर कासम होता तिच्यात. पोहून आला, पण हात दोन ठिकाणी मोडलाय. माणसं सगळी वाचली, अल्लाची मेहेरबानी. पण ताई, नकाशावर तो वारा आदल्या रात्रीपासून दिसत असणार. मला दिसला नाही."

बाईंचे तळपायाची आग मस्तकास गेली. त्या म्हणाल्या, "ती नोंद मी केली नाही. पण वही माझी आहे, म्हणून आधी माफी मागते. आता मी सांगते तसं करा. यंत्र सुरू होताना मागली आवृत्ती निवडता येते." आणि एकेक कळ सांगून त्यांनी सकीनाचा पडदा उजळविला. नकाशा दिसताच सकीना म्हणाली, "आला, ताई. आला." बाई म्हणाल्या, "आता तुमच्या पडद्याचं ओळखपत्र मला पाठवा. सगळी अक्षरं."

मग बाईंनी कॉलेजातील एका सहकाऱ्याचे घरी पेढीचा नवा पडदा होता तो शोधून त्याचेही पत्र काढिले, आणि दोन्ही शेजारी ठेवून, नव्या डोळ्याने, अक्षर अक्षर ताडून पाहिले. एकशेसव्वीस अक्षरे तीच. कारखान्याचे नाव तेच, जन्मसाल तेच, अनुक्रमांकही तोच! बुडालेल्या घरचे पत्र पेढीने जसेचे तसे उचलून आपले पडद्यांचे पोटी घातले होते. म्हणोन पेढीसाठीचे मोठे चित्र जुन्या पडद्यांवरही जाई, आणि ते न झेपून ते काळे पडत. फरक एकच. एकशेसत्ताविसावे अक्षर सांगते की या पत्रास पुरवणी आहे किंवा नाही. जुन्यात शून्य होते, पेढीने त्याचा एक केला. आणि शेवटले ताळ्याचे अक्षर बदलायचे राहून गेले. म्हणजे ज्या पत्रास वकील शुद्ध शुद्ध म्हणत होता, त्याचा ताळाच जमत नव्हता. नक्कल करणारास नक्कलही धड करिता आली नाही!

राज्याचा दरबार म्हणजे टपालाची जाहीर यादी, जेथे जो बोलेल तो सर्वांस ऐकू जातो. बाईंनी तेथे दोन्ही पत्रे मांडिली, सकीनाची हकीकत मांडिली, आणि लिहिले की पेढीची नोंद आजच काढावी. बिवलकर धावत आला. "बाईंच्या भावना समजतात. परंतु असे पंधरा वर्षांचे पडदे आता उरलेत किती? शे-दोनशे असतील. आमचे लाखो आहेत."

बाईंनी उत्तर केले, "पाचच का असेनात. त्या पाचांनी कोणाचे पत्र चोरले नाही. तुमचा पडदा या नोंदीआधी लहान चित्र दाखवीत होता, पुन्हा लहान दाखवील, कोणाचा हात मोडणार नाही. आणि मला सांगा, मी दोनदा अक्षरे मागितली, ती का दिली नाहीत?"

मग बाई त्र्यंबकरावांकडे वळल्या. "त्र्यंबकराव, मी थांबा म्हटले होते. तुम्ही बरे म्हटले होते. माझ्या डोळ्यास पट्टी होती, तुमच्या नव्हती."

दोन प्रहर गेले. मग त्र्यंबकरावांनी लिहिले, "शिक्का माझा. चूक माझी. नोंद काढिली आहे." इतकेच. पुढे त्यांनी खासगी फोन केला आणि म्हणाले, "सगुणाबाई, त्या कासमची प्रकृती कशी आहे, मला विचारायचे आहे. आकडा द्याल?" बाईंनी दिला, परंतु आवाज मऊ केला नाही.

आणि तरी ज्या लोकांनी पेढीचे पडदे भोळेपणाने विकत घेतले त्यांचा काय अपराध, हा विचार बाईंनीच केला. ताळा न जमणारे आणि पुरवणी सांगणारे ते पेढीचे, जमणारे ते जुने, ऐसा भेद धरून त्यांनी नवी नोंद लिहिली, दोन्हींवर चालवून पाहिली, सकीनासही पाहावयास सांगितली, आणि मग दरबारी दिली. नोंदीबरोबर कारण लिहावे लागते. बाईंनी लिहिले: "या पेढीने बुडालेल्या घरचे ओळखपत्र चोरून आपल्या पडद्यांस लाविले, आणि ते लपविले. त्यापायी वेळूबंदरी होडी फुटली." बिवलकराने विनंती केली की मजकूर सौम्य करावा, चोरून ऐवजी वापरून म्हणावे, बंदराचा उल्लेख तांत्रिक नोंदीत शोभत नाही. त्र्यंबकरावही म्हणाले, "बाई, नोंद अजरामर असते, जरा विचार करा."

बाई म्हणाल्या, "अजरामर असते म्हणूनच. शब्द काढायचा असेल तर वहीवरून माझे नावही काढा, आणि दुसरा पडदेनवीस शोधा."

दुसरा कोण मिळणार? सतरा वर्षांत हे काम कोणी मागितले नव्हते. त्र्यंबकरावांनी मजकूर होता तैसा ठेवून शिक्का मारिला.

एकूण इतके जाहले. कार्तिक शुद्ध पंचमीस नवी नोंद कायम होऊन जुने पडदे आणि नवे पडदे दोन्ही चालते जाहले. कासमचा हात पौषात प्लास्टरातून निघाला, पण पहिल्यासारखा वळत नाही, जाळे तो डाव्याने ओढतो. पेढीने माफी मागितली नाही. 'चोरून' हा शब्द वहीत आहे, ज्यास पाहावयाचे त्याने पाहावे.