शकूआत्याचा दिल्लीतला वशिला

आमच्या शकूआत्याला देशाच्या मंत्र्यांची नावं विचारू नका, एक येणार नाही. त्यांच्या बायकांची विचारा. माहेर कुठलं, शिकली किती, उपास कुठला धरते, सगळं पाठ. टीव्हीवर कुणी नवा पुढारी शपथ घेऊ लागला की आत्या चष्मा पुसून पुढं सरकते आणि म्हणते, "त्याचं ऱ्हाऊ दे. मागं उभी हाय ती बघू दे."

आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या नव्हे. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात शेजारच्या घरात राहते, म्हणून आत्या. वय सत्तरीचं, आवाज तिशीचा. नवरा कधीच गेला, लेक पुण्याला. राज्य कुणाचंही असो, शेवटचा शब्द घरातनं येतो, हे तिचं ठाम मत. सरपंचानं कसलाही ठराव मांडला की ती विचारायची, "घरी विचारलंस का?" लोक हसायचे. सरपंच मात्र हसायचा नाही, कारण बरेचदा दुसऱ्या दिवशी ठराव बदललेला असायचा.

मी तहसील कचेरीत आवक-जावक बघण्यात उभी हयात घालवलेला माणूस. अर्ज, शिक्का, पोच, ह्या क्रमावर माझी श्रद्धा. आत्याचं हे शास्त्र ऐकलं की माझं डोकं तडकायचं.

आमच्या गावाची अडचण एकच, पण जिवावरची. हायवे रुंद झाला आणि गावाचे दोन तुकडे झाले. घरं अलीकडं, शाळा पलीकडं. रोज सकाळी आत्या नारिंगी छत्री उघडून रस्त्यात उभी राहायची, ट्रक थांबवायची आणि पोरांना पार करायची. एकदा छत्रीला ट्रकचा आरसा घासून गेला, काड्या मोडल्या. त्या दिवशी आत्या घरी येऊन मोडक्या काड्या सुतळीनं बांधत बसली. मला धसकाच बसला. रस्त्याखालून बोगदा हवाच होता. मी तीन अर्ज केले, मुद्देसूद, दोन प्रतींत. तिन्हींना उत्तर एकच, योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढं पाठवला आहे. पुढं म्हणजे कुठं, ते काही कळलं नाही.

अशात बातमी आली, दिल्लीचे एक बडे मंत्री येडेश्वरीच्या दर्शनाला सहकुटुंब येणार. नाव सांगत नाही, उगाच अंगाशी यायचं. गावानं शाल, हार आणि माझं निवेदन असा जामानिमा केला. आत्यानं वेगळीच तयारी केली. खण, नारळ, ओंजळभर गहू आणि खणाच्या घडीत चार ओळींचा कागद. मी कपाळावर हात मारला.

आत्या म्हणाली, "तुझा कागद साहेब घेतो, मागच्याला देतो, मागचा गाडीत टाकतो. ओटी तशी दुसऱ्याच्या हातात देता येती का? ती पदरातच घ्यावी लागती." मी तरीही निवेदनाची तिसरी प्रत काढली.

मंत्र्यांच्या बाईसाहेबांची ओटी माझ्या बायकोनं भरायची असं ठरलं. आत्या देवळाच्या खांबाआड उभी राहिली.

माझं निवेदन तीन हात फिरून गाडीत गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. इकडं बायकोनं बाईसाहेबांना कुंकू लावलं, तेवढ्यात खणातला कागद त्यांना दिसला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. 'बाई, लेकरं अलीकडं, शाळा पलीकडं. मी म्हातारी किती दिस छत्री धरू? साहेबांना जेवताना सांगा. जेवण झाल्यावर नगं, झोप येती.' त्या हसल्या आणि कुणी लिहिलं म्हणून विचारलं. बायकोनं खांबाकडं बोट केलं.

"मग ओटीही त्यांनीच भरायची," बाईसाहेब म्हणाल्या.

आत्या मागं सरली. "मला चालत न्हाय, बाई."

"मला चालतं," असं म्हणून त्यांनी पदर पसरला.

आत्यानं घाईघाईनं ओंजळ ओतली, निम्मे गहू फरशीवर सांडले. बाईसाहेबांनी रीतीप्रमाणं पदरातले चार दाणे तिच्या तळहातावर परत ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "घरी सांगते."

महिनाभरात मोजणीवाले आले. दीड वर्षात बोगदा उभा. उद्घाटनाला हलगी, गुलाल, फलकावर आठ-दहा नावं. पोरं बोगद्यातनं ओरडत पळाली, परत आली, परत पळाली. मीसुद्धा टोपी उडवली, लाज कसली. गाव आत्याचा जयजयकार करत होतं आणि आत्याचाच पत्ता नव्हता.

ती घरी होती, भिंतीतल्या देवळीतली डबी उघडून बसलेली. डबीत ते गव्हाचे चार दाणे. मी म्हणालो, अहो आत्या, बोगदा तुमचा आणि तुम्ही हितं?

"बोगदा काय रं, आज ना उद्या झालाच असता," ती म्हणाली. "पर ह्ये गेल्यापासनं मला कुणी ओटी भरू दिली न्हवती. तिनं दिली."

एवढ्या संक्रांती आमच्या घरी हळदीकुंकू झालं. गल्लीतल्या बायकांची यादी मीच करायचो, सुवाच्य अक्षरात. भिंतीला भिंत लागून असलेलं घर तीत कधी आलं नाही, आणि ते मला कधी खटकलंही नाही.

संक्रांत आठवड्यावर आली होती. घरी येऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, मी बायकोला विचारलं, औंदा आत्यांना बोलवायचं का.

"आता विचारताय व्हय?" तीळ भाजता भाजता ती म्हणाली. "म्या सकाळीच सांगून आले. पहिली ओटी त्याच भरणार हायेत."