रामटेके सरांचं सहजीवन

म्हशीच्या पाठीवर बगळा दिसला की रामटेके सर सायकलवरून उतरायचे. ब्रह्मपुरीत म्हशीही भरपूर आणि बगळेही, त्यामुळे घरापासून कॉलेजचा दहा मिनिटांचा रस्ता त्यांना पाऊण तास पुरायचा. मी त्यांचा शेजारी, त्याच कॉलेजात मराठी शिकवणारा, म्हणून मलाही उतरावं लागे.

"पाहा भाऊ. म्हैस चालते, गवतातले किडे उडतात, याले जेवण भेटते. तिच्या गोचड्या हा काढते. एकटं कोणीच जगत नाई."

सर जीवशास्त्राचे. वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही. आळीत नुकताच पहिला टीव्ही आला होता. सगळे पडद्याकडे बघत आणि सर कुंपणाच्या वेलावरच्या मुंग्या नि त्या पाळतात त्या मावा किडीकडे.

एकदा त्यांनी आमच्या मसाल्याच्या डब्यातून दगडफूल उचललं. "वहिनी, हा एक जीव नाई, दोन आहेत. बुरशी घर बांधते, शेवाळ आत बसून रांधते. कोणाचा संसार कुटून राह्यल्या तुमी?" बायकोने दगडफूल बंदच केलं. बुरशीच्या संसारापायी मी वर्षभर बेचव रस्सा खाल्ला.

पावसाळ्यात एका रविवारी त्यांना पोंभुर्ण्याजवळच्या माझ्या गावी नेलं. माझी चुलत बहीण सुमन तिथे एकटीने धानाची शेती करायची. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती बांधावरच्या वारुळावरून सात्या, म्हणजे पावसाळी अळिंबी, काढत होती. सरांनी ओळखसुद्धा करून घेतली नाही.

"बाई, वारूळ नका फोडू. आत वाळवी बुरशी पोसते. ती लाकूड आणते, बुरशी ते पचवते..."

"वरच्यावर तोडून राह्यली, सर," सुमन मान वर न करता म्हणाली. "वारूळ फोडलं तं पुढच्या साली काय खाऊ?"

सर मग पँटसकट चिखलात बसले आणि वही काढली. "अजून काय माहीत आहे तुमाले?"

ती तासभर सांगत होती, सर लिहीत होते.

दुपारी भात आणि सात्यांची भाजी होती. सरांनी दोनदा भात घेतला, पण चकार शब्द काढला नाही.

"भाऊ तं म्हणते तुमी लई बोलता," सुमन म्हणाली. "भाजी नाई आवडली का?"

"आवडली." सर ताटाकडे बघत राहिले. "घरी बोलाले कोणी नाई, बाई. म्हणून बाहेर लई बोलतो. लोकं कटाळतात, मले समजते."

मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. तीन वर्षं भिंतीला भिंत लागून राहत होतो, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सुमनने पाण्याचा लोटा त्यांच्यापुढे सरकवला आणि भिंतीला टेकून बसली. "आज मले काई काम नाई. वाळवीचं अर्धं राह्यलं तुमचं. सांगा."

सर बोलायला लागले. आमची परतीची चारची बस फाट्यावरून गेल्याचं ऐकू आलं, पण कोणी उठलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात आले. पोंभुर्ण्याच्या बसची वेळ विचारली. येता का, असं काही विचारलं नाही.